दिवसाला दोन गमी, पण कशाच्या जोडीला?

मेडिकलच्या काउंटरवर पूर्वी ग्लुकोजचे डबे आणि खोकल्याच्या गोळ्यांच्या बरण्या असत. आता त्या जागी अस्वलांच्या, ताऱ्यांच्या, हृदयाच्या आकाराच्या रंगीत गमींच्या बाटल्या दिसतात. मुलांसाठी मल्टिव्हिटॅमिन, तरुणींसाठी केसांची, आजोबांसाठी हाडांची, झोप न येणाऱ्यांसाठी मेलाटोनिनची. प्रत्येक बाटलीवर 'रोज एक' किंवा 'रोज दोन' असे छापलेले असते आणि तेवढे पाळले की झाले, असा बहुतेकांचा समज असतो. तो बराचसा खरा आहे. अडचण एवढीच, की ही सूचना फक्त त्या एका बाटलीचा विचार करते. घरातल्या बाकीच्या डब्या, पुड्या, ड्रॉप्स आणि दुधात घालायच्या पावडरी तिच्या हिशेबात नसतात.

गमीचा जन्म मिठाईच्या कारखान्यातला. जर्मनीत बॉन शहरात हान्स रीगेल यांनी १९२० साली 'हारिबो' कंपनी काढली आणि दोन वर्षांनी चघळायचे अस्वल बाजारात आणले. त्यात जीवनसत्त्वे घालून लहान मुलांना विकण्याची कल्पना अमेरिकेत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रुजली. पुढे गोळ्या गिळायला कंटाळलेले मोठेही तिकडे वळले. २०१२ साली 'आर्म अँड हॅमर' हा खाण्याचा सोडा विकणाऱ्या चर्च अँड ड्वाइट कंपनीने गमी बनवणारी 'अ‍ॅव्हिड हेल्थ' ६५ कोटी डॉलरना विकत घेतली, तेव्हा हा पोरखेळ राहिलेला नाही हे सगळ्यांच्या लक्षात आले. भारतात ही लाट उशिरा आली. पण कोविडनंतर 'इम्युनिटी' हा शब्द घरोघरी पोचला होता आणि मोबाइलवर मागवण्याची सवयही लागली होती, त्यामुळे ती पसरायला वेळ लागला नाही. शिवाय अमेरिकेहून येणाऱ्या काका-मावशीच्या बॅगेत आता बदाम-चॉकलेटच्या जोडीला दोन-अडीचशे गमींची एखादी भली मोठी बाटलीही असते.

औषधी गोळी कोरड्या भुकटीवर दाब देऊन बनते. गमीचे तसे नाही. साखर, ग्लुकोज सिरप आणि जिलेटिन किंवा पेक्टिन यांचा गरम पाक करून त्यात शेवटी शेवटी जीवनसत्त्वे मिसळतात, आणि तो पाक साच्यांत ओततात. ढवळण्यात जरा कमी-जास्त झाले की एका गमीत जास्त आणि दुसरीत कमी, असे होऊ शकते. गमीत पाण्याचा अंशही बराच राहतो आणि ओलावा, उष्णता, हवा या तिन्हींचे क जीवनसत्त्वाशी आणि फोलिक अ‍ॅसिडशी वाकडे आहे. म्हणून उत्पादक सुरुवातीला लेबलावरच्या आकड्यापेक्षा थोडे जास्तच घालतात, म्हणजे मुदत संपेपर्यंत निदान छापील आकडा शिल्लक राहावा. ताज्या बाटलीतला आणि दीड वर्ष पडून राहिलेल्या बाटलीतला डोस त्यामुळे सारखा असेलच असे नाही. नागपूरच्या मे महिन्यात किंवा रत्नागिरीच्या जुलैत बाटलीतल्या गमींचा एकच गोळा झाला, तर 'रोज दोन' मोजायच्या कशा हा आणखी वेगळा प्रश्न. अशी बाटली टाकून द्यावी, सुरीने तुकडे करत बसू नये.

ही शंका केवळ कागदावरची नाही. हार्वर्डशी संलग्न डॉक्टर पीटर कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या २५ मेलाटोनिन गमी तपासल्या. निष्कर्ष एप्रिल २०२३ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आले. २५ पैकी २२ उत्पादनांचे लेबल चुकीचे निघाले. प्रत्यक्षातले मेलाटोनिन छापील आकड्याच्या ७४ टक्क्यांपासून ३४७ टक्क्यांपर्यंत होते, आणि एका उत्पादनात तर ते औषधालाही सापडले नाही. मेलाटोनिन हे जीवनसत्त्व नव्हे, हॉर्मोन आहे. पण साचा तोच, पाक तोच. एका पदार्थाच्या बाबतीत लेबल आणि वस्तू यांच्यात इतके अंतर पडत असेल, तर गमीवरचा आकडा काटेकोर न मानता अंदाजाचा मानणेच शहाणपणाचे.

भारतात गमी औषध परवान्यावर विकल्या जात नाहीत, त्या अन्नाच्या परवान्यावर विकल्या जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, २०१६ च्या नियमावलीने आरोग्यपूरकांना चौकट दिली. पोषकद्रव्यांचे प्रमाण आयसीएमआरने ठरवलेल्या रोजच्या गरजेच्या वर जाऊ नये, डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असे ठळक लिहावे, किती घ्यायचे ते सांगावे, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवण्याची सूचना द्यावी, असे हे नियम. चौकट चांगली आहे. परदेशातून बॅगेतून आलेल्या बाटलीला मात्र ती लागू होत नाही, आणि इंटरनेटवरून थेट मागवलेल्या आयात मालात तिचे किती पालन होते हे बाटली उलटून वाचल्याशिवाय कळत नाही. चौदा आकडी परवाना क्रमांक नसेल, तर ती बाटली दुकानातच ठेवावी.

आता मुख्य प्रश्न. किती म्हणजे जास्त?

पोषणशास्त्रात त्यासाठी दोन आकडे असतात. पहिला रोजच्या गरजेचा. दुसरा वरच्या मर्यादेचा, म्हणजे जेवण आणि पूरके मिळून दररोज इतके घेतले तरी बहुतेक निरोगी माणसांना अपाय होणार नाही असा. भारतात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० च्या शिफारशींत हे दोन्ही आकडे दिले. वरची मर्यादा ही कड्याची धार नव्हे. तिच्यात सुरक्षिततेचे अंतर आधीच धरलेले असते, त्यामुळे एखाद्या दिवशी ती ओलांडली म्हणून घाबरायचे कारण नाही. महिनोन्महिने रोज ओलांडली जाणे, हा काळजीचा विषय.

मोठ्यांची मर्यादा आणि मुलांची मर्यादा यांत मोठा फरक आहे आणि गमीच्या बाबतीत सगळी गडबड तिथेच होते. अ जीवनसत्त्वाचेच पाहा. अमेरिकी तज्ज्ञांनी ठरवलेली वरची मर्यादा प्रौढांना ३००० मायक्रोग्रॅम, चार ते आठ वर्षांच्या मुलाला ९०० आणि एक ते तीन वर्षांच्या बाळाला फक्त ६००. ही मर्यादा रेटिनॉल या तयार स्वरूपासाठी आहे. गाजर-पपईतल्या बीटा कॅरोटीनला ती लागत नाही, कारण त्याचे रेटिनॉल किती करायचे ते शरीर स्वतः ठरवते. म्हणून लेबलावर 'व्हिटॅमिन ए' एवढेच न वाचता ते रेटिनिल पाल्मिटेट किंवा अ‍ॅसिटेट आहे की बीटा कॅरोटीन, हेही पाहावे लागते. सात वर्षांच्या ताईच्या दोन गमी दोन वर्षांच्या भावाने मागितल्या आणि आईने कौतुकाने दिल्या, वर आजीने सर्दीसाठी कॉड लिव्हर तेलाची कॅप्सूल चालू केली, की ६०० चा आकडा गाठायला फार काही लागत नाही.

अ आणि ड ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वे. जास्त झालेले क लघवीवाटे निघून जाते, हे दोघे मात्र शरीरात साठतात. अ च्या अतिरेकाचा अनुभव माणसाला जीवनसत्त्वाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी आला होता. विल्यम बॅरेंट्सच्या डच मोहिमेतल्या खलाशांनी १५९७ साली आर्क्टिकमध्ये ध्रुवीय अस्वलाचे यकृत खाल्ले, ते आजारी पडले आणि काहींची कातडी अंगभर सोलून निघाली. यकृत हे रेटिनॉलचे कोठार. मिठाईसारख्या दिसणाऱ्या जीवनसत्त्वांबद्दलचा इशाराही जुनाच आहे. हाँगकाँगमधल्या तीन मुलांनी अशा चघळायच्या गोळ्या मनसोक्त खाल्ल्या, त्याची नोंद २००६ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात झाली. सुदैवाने तिघेही ठणठणीत राहिले. गरोदर स्त्रियांच्या बाबतीत मात्र नशिबावर भिस्त ठेवता येत नाही. पूरकांतून रोज १०,००० आययूपेक्षा, म्हणजे ३००० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त रेटिनॉल घेतल्यास बाळात जन्मजात व्यंगांचा धोका वाढतो, असे १९९५ सालच्या अमेरिकी अभ्यासात दिसले.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट आपल्याकडे जास्त जवळची आहे. बालरोगतज्ज्ञांची संघटना आयएपी पहिल्या वर्षात रोज ४०० आययू आणि त्यापुढे ६०० आययू सुचवते. त्यामुळे शाळकरी मुलाला ४०० किंवा ६०० आययूची एक गमी हे तसे योग्यच प्रमाण. वरची मर्यादा एक ते तीन वर्षांना २५००, चार ते आठ वर्षांना ३००० आणि नऊ वर्षांपुढे ४००० आययू. युरोपीय अन्नसुरक्षा संस्था जास्त सावध आहे, ती दहा वर्षांपर्यंत २००० वरच थांबते. म्हणजे एकट्या गमीने मर्यादा मोडणे अवघड. ती मोडते साठ हजारांच्या पुडीमुळे. डॉक्टर ६०,००० आययूची पुडी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवड्यांपुरती देतात. ती दिवसाला सरासरी साडेआठ हजार आययू पडते. उपचार म्हणून, रक्ततपासणीच्या देखरेखीत हे ठीक. पण चिठ्ठीची मुदत संपल्यावरही मेडिकलवाला पुडी देत राहतो, माणूस घेत राहतो, आणि वर 'हाडांसाठी' गमी चालू होते. रक्तातले कॅल्शियम वाढते, तहान लागते, वारंवार लघवीला होते, बद्धकोष्ठ होतो, उलट्या होतात आणि अखेर मूत्रपिंडावर बेतते. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात २०२३ साली ८९ वर्षांचे एक गृहस्थ वारले. ते महिनोन्महिने ड जीवनसत्त्व घेत होते आणि त्याचा अतिरेक हे मृत्यूच्या कारणांपैकी एक ठरले. पाकिटावर अतिसेवनाच्या धोक्याचा इशारा नव्हता, याकडे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने सरकारी यंत्रणांचे लक्ष वेधले.

लेबलावरची एककेही नीट पाहायला हवीत. ड चे १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू. अमेरिकी बाटल्यांवर आता मायक्रोग्रॅम असते, भारतीय पुडीवर आययू. २५ चा आकडा किरकोळ वाटतो, पण तो १००० आययूचा असतो. तसेच 'एका सर्व्हिंगमध्ये' म्हणजे किती गमींत, हे वाचल्याशिवाय पुढचा सगळा तक्ता फोल.

आणि लोह? खरे तर विषबाधेच्या दृष्टीने सगळ्यात धोकादायक तेच आहे, पण बहुतेक मल्टिव्हिटॅमिन गमींमध्ये ते नसतेच. लोहाची धातूसारखी चव साखरेतही लपत नाही, हे एक कारण, आणि मुलांना होणारी विषबाधा हे दुसरे. सहा वर्षांखालील मुलांच्या जीवघेण्या विषबाधांत लोहाच्या गोळ्या आघाडीवर होत्या, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली अशा प्रत्येक डब्यावर इशारा सक्तीचा केला आणि जास्त मात्रेच्या गोळ्या एकेक सुट्या कप्प्यात बंद करायला लावल्या. कप्प्यांची सक्ती २००३ साली न्यायालयात टिकली नाही. पण मधल्या काळात मुलांचे मृत्यू ठळकपणे घटले होते. एका झाकणामागे शंभर गोळ्या आणि शंभर कप्प्यांत शंभर गोळ्या, एवढाच तो फरक.

महाराष्ट्रातल्या घरांत लोह गमीतून येत नाही, ते सरकारी गोळ्यांतून येते. 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत'मध्ये पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी गोळी ४५ मिलिग्रॅमची, किशोरवयीनांना निळी ६० ची आणि गरोदर मातांना लाल ६० ची मिळते. तिघींवर साखरेचे आवरण. लोहाचा त्रास साधारण किलोला २० मिलिग्रॅमपासून सुरू होतो आणि किलोला ६० च्या पुढे जिवावर बेतू शकते. बारा किलोच्या बाळाला लाल गोळ्या चार झाल्या तर त्रासाची हद्द सुरू होते, बारा झाल्या तर प्राणसंकट. ज्या घरात मुलाला 'व्हिटॅमिन म्हणजे खाऊ' असे शिकवले गेले आहे, तिथे आईच्या उशाशी पडलेली ही लाल पट्टी गमीच्या बाटलीहून कितीतरी पटीने घातक आहे. गमीचा सगळ्यात मोठा धोका बहुधा हाच. ती स्वतः क्वचित मारते, पण मुलाची औषधाबद्दलची भीड मोडते.

जस्ताची मर्यादा लहान मुलांत फार खाली आहे. एक ते तीन वर्षांना ७ मिलिग्रॅम, चार ते आठ वर्षांना १२, आणि तीही जेवणातले धरून. दीर्घकाळ जास्त जस्त गेले तर शरीराला तांबे मिळेनासे होते. क बद्दल फारशी चिंता नको. लिमसीची नारिंगी गोळी चघळत एक आख्खी पिढी मोठी झाली. तरी ती गोळी ५०० मिलिग्रॅमची आहे आणि सहा वर्षांच्या मुलाची मर्यादा ६५०, एवढे लक्षात असावे. फार झाले तर जुलाब होतील.

केसांच्या गमींचा व्यवहार मात्र निराळाच. त्यांत मुख्य माल बायोटिन. प्रौढाला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम पुरते, आणि परदेशी बाटल्यांवर ५,००० किंवा १०,००० चे आकडे सर्रास असतात. बायोटिनची कमतरता मुळात विरळ. ती नसेल तर वरून ओतल्याने केस दाट होतात याला भक्कम पुरावा नाही. बायोटिनची वरची मर्यादा ठरलेली नाही, याचा अर्थ विक्रेते 'कितीही घ्या' असा लावतात. पण २०१७ साली अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला, की जास्त बायोटिनमुळे रक्ताच्या काही तपासण्या चुकतात. त्यात हृदयविकाराचा झटका ओळखणारी ट्रोपोनिनची तपासणीही आहे, आणि तिचा आकडा खोटा कमी आल्याने एका रुग्णाचा मृत्यू झाल्याची नोंद त्याच इशाऱ्यात आहे. थायरॉइडच्या तपासण्याही अशाच फसतात. रक्त देण्याआधी 'केसांची गमी घेतो' हे लॅबमध्ये कुणी सांगत नाही, कारण ते औषध आहे असे कुणालाच वाटत नाही.

ब-६ बद्दल तज्ज्ञांतच एकमत नाही. अमेरिकेत प्रौढांची मर्यादा १०० मिलिग्रॅम आहे, युरोपीय संस्थेने २०२३ साली ती १२ वर आणली. फार काळ जास्त मात्रा गेल्यास नसांना इजा होते, हातापायांना मुंग्या येतात. मल्टिव्हिटॅमिन, 'एनर्जी' आणि 'पीएमएस' अशा तीन वेगवेगळ्या गमींत ब-६ असू शकते, तेव्हा बेरीज करणे आले.

फोलिक अ‍ॅसिड आणि ब-१२ यांच्या जोडीकडे मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावे, कारण त्यामागचे काम पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर स्त्रियांचा १९९३ पासून पाठपुरावा केला. सुमारे दोन तृतीयांश मातांत ब-१२ कमी होते, फोलेटची कमतरता मात्र जवळपास नव्हतीच. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले, की ज्या मातांत फोलेट जास्त आणि ब-१२ कमी, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिन-प्रतिरोध सर्वाधिक होता. जास्त फोलिक अ‍ॅसिड ब-१२ च्या कमतरतेतला रक्तक्षय झाकते, नसांचे नुकसान मात्र आत चालूच राहते, हे तर आधीपासून माहीत होते. म्हणून शाकाहारी घरात फोलिक अ‍ॅसिड भरपूर आणि ब-१२ नावापुरते असलेली गमी ही चुकीची खरेदी. गरोदरपणात सरकारी लाल गोळीऐवजी 'प्रीनेटल' गमी घेणे हीसुद्धा तशीच, कारण तिच्यात लोह बहुधा नसते. जाता जाता, शाकाहारी घरांनी जिलेटिनही पाहावे. ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनते, पेक्टिन फळांपासून.

साखरेचा हिशेब छोटा आहे. दोन गमींत साधारण दोन ते चार ग्रॅम, म्हणजे अर्धा ते एक चहाचा चमचा. आकडा लहान, पण ती दाताच्या खाचांत चिकटते आणि बऱ्याच घरांत झोपताना दिली जाते. द्यायचीच तर जेवणासोबत द्यावी, वर पाणी प्यायला लावावे. चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वे जेवणासोबत शोषलीही चांगली जातात. 'शुगर फ्री' गमीतल्या माल्टिटॉल-सॉर्बिटॉलने पोट बिघडते, आणि झायलिटॉल असेल तर घरच्या कुत्र्याच्या तोंडी ती लागू देऊ नये, त्याला ते विष आहे. चार वर्षांखालच्या मुलांना चिवट गमी घशात अडकू शकते. या वयाला ड जीवनसत्त्व द्यायचे तर ड्रॉप्सच बरे.

मग गमी घ्यावी की नाही? चौरस जेवणाऱ्या निरोगी मुलाला मल्टिव्हिटॅमिन लागत नाही, असे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही म्हणते. ड किंवा ब-१२ कमी असेल तर एकाच घटकाची, माफक मात्रेची गमी चालेल. कमतरता तपासणीत ठळक असेल तर गमीच्या नादी न लागता डॉक्टरांनी लिहिलेले औषध घ्यावे. तिथे अंदाजाचा डोस कामाचा नाही. घरात एकापेक्षा जास्त पूरके असतील तर सगळ्या बाटल्या टेबलावर मांडून अ, ड, जस्त आणि ब-६ या चार ओळींची बेरीज एकदा कागदावर करावी. दहा मिनिटांचे काम आहे.

बाटली औषधांच्या कपाटात, वरच्या फळीवर, झाकण घट्ट लावून ठेवावी. मुलाने मूठभर खाल्ल्याच तर ओकारी काढायचा प्रयत्न करू नये. बाटलीत लोह आहे का ते आधी पाहावे, मुलाचे वजन आणि उरलेल्या गमींची संख्या हाताशी ठेवावी आणि दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राला १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर फोन करावा. लोह असेल, किंवा मूल सुस्त झाले असेल, उलट्या करत असेल, तर फोनवर वेळ न घालवता १०८ बोलवावी आणि बाटली सोबत न्यावी.